झाडांविषयी विचारा: चाळीस लावली, सहा राहिली

मृग तोंडावर आला की सगळ्यांना झाडं आठवतात, त्यामुळे जूनच्या अंकासाठी दरवर्षी पत्रांचा गठ्ठा मोठा असतो. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही. पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्रासाठी मी स्वतः जाऊन जागा पाहून आले, म्हणून ते उत्तर लांबलंय.

ताई, गेल्या जुलैत आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत आम्ही चाळीस रोपं लावली. बावीस घरं आहेत, सगळी माणसं उतरली होती, लहान मुलंसुद्धा. पाणी येईल त्या दिवशी टाकी भरून ठेवायचो आणि रोज संध्याकाळी पाइपने घालायचो. तरी आज सहाच रोपं जिवंत आहेत. आमची जमीनच वाईट आहे का? यंदा पुन्हा चाळीस लावावीत म्हणतोय.
– एक गृहिणी, जुळे सोलापूर

जमीन मुरमाड आहे, पण वाईट नाही. तुमच्या कुंपणाच्या कोपऱ्यात कुणीही न लावलेला एक लिंब, म्हणजे कडुलिंब, दोन पुरुष उंच वाढलाय. त्याला कुणी पाइपने पाणी घातलेलं नाही. म्हणजे जागा झाडाला नाही म्हणत नाही.

तुमच्यासमोर मी वाळलेला एक करंज उपटला, आठवतंय? दोन बोटांनी धरला आणि बाजारातल्या मुळ्यासारखा वर आला. दहा महिने जमिनीत राहिलेलं रोप असं निघता कामा नये. खाली काळी पिशवी जशीच्या तशी होती, फक्त तळाला ब्लेडची एक चीर. आत मुळं गोल गोल फिरून त्यांची जटा झाली होती, अगदी पिशवीच्या मापाची. एकही मूळ बाहेरच्या मुरमात शिरलं नव्हतं. आणखी तीन रोपांची हीच गत निघाली. बाकीच्यांची पिशवी कुणीतरी काढली होती, पण आतली जटा न सोडवता तशीच खड्ड्यात ठेवली होती.

सव्वीस वर्षं मी रोपवाटिकेत पिशव्या भरल्या, त्यामुळे ही जटा मला डोळे मिटूनही ओळखू येते. रोप पिशवीत जास्त दिवस राहिलं की ती होते. पाच फुटांचं रोप दिसायला झोकदार असतं आणि फोटोतही चांगलं येतं, पण लहान पिशवीत ते उंच झालंय याचा अर्थ खाली मुळं वळलेली आहेत. दीड-दोन फुटांचं, पेन्सिलीएवढ्या बुंध्याचं रोप मागा. पिशवीला दोन्ही बाजूंनी उभी चीर द्या, मातीचा गोळा तळहातांवर उचला आणि खाली गुंडाळलेली मुळं कात्रीने कापून टाका. मूळ कापायला जीव धजत नाही, हे मला माहीत आहे. पण गोल फिरलेलं मूळ पुढेही गोलच फिरतं आणि काही वर्षांनी झाड वाऱ्यात बुडासकट आडवं होतं. कापलेल्या टोकाला मात्र नवी मुळं फुटतात आणि ती सरळ खाली जातात. आणि पिशव्या मोजून परत आणा. चाळीस रोपं लावली तर चाळीस पिशव्या पोत्यात दिसल्या पाहिजेत.

आता पाणी. तुमच्या एका जिवंत रोपाशेजारी मी खुरप्याने उकरलं. वरची दोन बोटं माती ओली होती, खाली कोरडी भुकटी. रोजच्या शिडकाव्याने मुळांना वरच राहायची सवय लागते. मग मे महिन्यात चार दिवस हात आखडला की सगळं संपतं. आपल्याकडे वर्षाकाठी सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर. अशा ठिकाणी रोपाला लवकरात लवकर खाली ढकलावं लागतं. म्हणून पाणी थांबून थांबून, पण भरपूर द्यायचं. दसऱ्यापासून संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत दहा दिवसांनी एकदा, यात्रेपासून होळीपर्यंत आठवड्याने, होळीपासून मृगापर्यंत आठवड्यातून दोनदा. दर वेळी रोपामागे वीस लिटर, सावकाश. दुसऱ्या वर्षी याच्या निम्मं. तिसऱ्या उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये पंधरवड्याला एकदा पुरतं, पण तेवढं द्यायचंच. तिसऱ्या उन्हाळ्यात सोडून दिलेली झाडं मी खूप पाहिली आहेत. लोकांना वाटतं, आता काय, खांद्याएवढं झालंय.

चाळीस रोपांना वीस लिटरप्रमाणे आठवड्यातून दोनदा म्हणजे १,६०० लिटर. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्या एप्रिलमध्ये एवढं पाणी तुमच्याकडे असेल का? हा हिशेब जुलैत खड्डे खणण्याआधी करायचा. माझं म्हणणं असं की यंदा नवी सोळाच लावा. जुनी सहा धरून बावीस होतील, दर घराला एक. कुणाचं झाड कोणतं ते ठरवून घ्या. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, आरओच्या मशीनमधून वाया जाणारं खारट पाणी नको.

मडक्याची युक्तीही करून पाहा. अक्षय्य तृतीयेला पुजलेले करे घरोघरी पडून असतात, नवरात्रातले घट असतात, कुंभाराकडे तडे गेलेली मडकी स्वस्तात मिळतात. बुडाला लहान भोक पाडून जुन्या सुती धोतराची वात ओवा, रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा आणि तोंडावर फरशीचा तुकडा ठेवा. नुसतं मडकंही पाझरतं, पण आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार त्याची छिद्रं बुजवतात, म्हणून वात हवी. आळ्यात उसाचं पाचट पसरा. कडबा नको, तो जनावरांच्या तोंडचा आहे. पाचट बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर वाळवी चढते. खड्ड्यातल्या मातीत शेणखताबरोबर दोन मुठी निंबोळी पेंड घातली तर वाळवीला आणखी आळा बसतो.

लिंब, करंज, चिंच, आपटा, मेढशिंगी, बहावा, भोकर. तुमच्या मुरमात यातलं काहीही चालेल.

नमस्कार ताई. मी बार्शी रस्त्यावरच्या एका गावात प्राथमिक शिक्षक आहे. ग्रामपंचायतीने गावाबाहेरच्या गायरानातला पडीक माळ आम्हाला झाडं लावायला द्यायचं कबूल केलंय. मुलं आणि पालक मिळून पाचशे झाडं लावू शकतो. माळावर गवताशिवाय काहीच नाही. लवकर वाढणारी कोणती झाडं लावावीत?
– एक शिक्षक, उत्तर सोलापूर तालुका

गुरुजी, त्या माळावर झाडं लावू नका.

झाडांच्या सदरात हे वाचून तुम्हाला धक्का बसेल, म्हणून सविस्तर सांगते. 'गवताशिवाय काहीच नाही' असं तुम्ही लिहिलंय. मीही एके काळी असंच म्हणायचे. आमच्या रोपवाटिकेत आम्ही गिरिपुष्पाच्या हजारो पिशव्या भरल्या. कांडी खोचली की फुटते, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, दोन पावसाळ्यांत डोक्याएवढी होते. कागदावर माळ हिरवा करायला याहून सोपं झाड नाही. त्यातली एक खेप ज्या माळावर गेली, तिथे मी तीन वर्षांनी गेले. रोपं जगली होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण झाडांखाली गवत उरलं नव्हतं, नुसता पाचोळा. पूर्वी तिथे पाऊल टाकलं की पुढ्यातून चंडोल उडायचा, सरळ वर जाऊन गात राहायचा. त्या सकाळी दोन तास फिरले, एकही दिसला नाही. एक धनगर भेटला. म्हणाला, 'बाई, मेंढरं कुठं न्यायची आता?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या पिशव्या मी माझ्या हातांनी भरल्या होत्या. ते अजून मनातून जात नाही.

तुमचं गाव नान्नजच्या वाटेवर. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं, तेव्हा सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून त्याची व्याप्ती ८,४९६ चौरस किलोमीटर होती. पुढे ती कमी करून १,२२२ केली. माळढोक हा पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी, उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. त्याला दूरवर दिसणारी मोकळी जमीन लागते. भोवती झाडं आली की कावळ्यांना, शिकारी पक्ष्यांना टेहळणीला जागा मिळते, आणि जमिनीवरचं अंडं लपत नाही. माळढोक आता आपल्याकडे दिसेनासाच झालाय. पण त्याच्या सोबतीचे अजून आहेत. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, माळटिटवी, पखुर्डी हे पक्षी, आणि थंडीत दूरदेशाहून येऊन गवतातच रात्र काढणारे भोवत्या हे शिकारी पक्षी. यातल्या कुणालाच पाचशे झाडांचा उपयोग नाही. गवत मात्र त्यांचं घर आहे. शिवाय पवन्या, मारवेल, कुसळी यांची मुळं मुरमाला धरून ठेवतात, पावसाचं पाणी अडवतात आणि गावाच्या शेळ्यामेंढ्या पोसतात. सरकारी भाषेत त्या जागेला पडीक म्हणतात, पण ती पडलेली नाही.

आता कामाचं. पाचशे झाडं लावणारे हात तयार आहेत, ते वाया जाऊ द्यायचे नाहीत.

माळावर तुमच्यासाठी भरपूर काम आहे. वेडी बाभूळ शिरली असेल तर ती काढा. नुसती कोयत्याने छाटली तर बुडातून दहा फुटवे येतात. कुदळीने वीतभर खोल जाऊन खोड मुळाच्या वरच्या गाठीसकट उपसावं लागतं. हे मोठ्यांनी करायचं, तिचे काटे चपलेतून आरपार जातात. मुलांनी पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना बोटभर उंचीची नवी रोपं उपटावीत. ती सुरेख निघतात. गवत बी गळेपर्यंत, म्हणजे दिवाळी उलटेपर्यंत कापू नका, असं गावाला सांगा. वणवा लागू नये म्हणून कडेने दोन-तीन मीटरची जाळरेषा वनरक्षकाला विचारून, त्यांच्या माणसांसोबत काढा. माळावरची जुनी हिवरं, बोरी, एखादी नेपती असेल ती तशीच राहू द्या. ती माळाचीच आहेत.

झाडं लावायची तर ओढ्याच्या काठाने लावा. तिथे करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. शेताच्या बांधावर, ज्याची जमीन त्याला विचारून, बाभूळ, लिंब, बोर. शाळेच्या आवारात चिंच आणि वड, दोन्ही एकमेकांपासून लांब. हे सगळं मिळून शंभरही होणार नाहीत, आणि शंभर पुष्कळ आहेत.

ग्रामपंचायतीला काय सांगायचं हा प्रश्न राहतोच. सरपंचांना एकदा सकाळी सहाला माळावर घेऊन जा, ऑगस्टच्या शेवटी. गवत कमरेएवढं असेल आणि चंडोल गात असेल. मी यायला तयार आहे.

सुट्टीत नातवंडांना घेऊन दोनशे सीडबॉल, म्हणजे आत बी घातलेले मातीचे गोळे, केले आहेत. पंढरपूरच्या रस्त्याने जाताना गाडीतून टाकणार आहोत. चालेल ना?
– एक आजोबा, मंगळवेढा

आजोबा, गाडीतून टाकू नका. डांबराच्या कडेचा घट्ट मुरूम, त्यात मुंग्या आणि शेळ्या, त्यामुळे दोनशेंतले दोन उगवले तरी नशीब. नातवंडांना दोनाहून जास्त झाडं बघायला मिळावीत असं मला वाटतं.

आत कोणतं बी आहे ते लिहिलं नाहीत. बाभूळ, हिवर, बोर असेल तर पहिला चांगला पाऊस झाल्यावर गाडीतून उतरा आणि गोळे काटेरी झुडपाच्या पोटात ठेवा, एका झुडपात एक. काट्यांत शेळीचं तोंड पोचत नाही, सावलीही मिळते. पक्ष्यांनी टाकलेल्या निंबोळ्या अशाच बोरी-बाभळींच्या आडोशाला वाढताना मी कितीदा पाहिल्या आहेत. लिंबाचं बी गेल्या वर्षीचं असेल तर ते मेलेलं आहे. निंबोळीचा जीव दोन-तीन आठवडेच टिकतो. आता झाडाखाली पडतायत त्या वेचा, गर धुऊन काढा आणि दुधाच्या लिटरच्या रिकाम्या पिशव्यांत पेरा, तळाला चार भोकं पाडून. पंधरा-वीस दिवसांत कोंब दिसेल. बाभळीच्या बियांची साल टणक असते. एखाद्या धनगराच्या वाड्यातून लेंड्यांमधून बाहेर पडलेलं बी आणा, ते शेळीच्या पोटातून आल्याने पटकन उगवतं. नातवंडांना ही गोष्ट फार आवडेल.

सात रस्त्याकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्यावर पंधरा-वीस वर्षांचे लिंब आहेत. झाडं लहान असताना लावलेल्या लोखंडी जाळ्या आता बुंध्यात रुतल्या आहेत. शिवाय भोवती पार बुंध्यापर्यंत काँक्रीट केलंय. आम्ही चारजण काही करू शकतो का? परवानगी लागते का?
– एक दुकानदार, सोलापूर

शहरात झाड तोडायला किंवा छाटायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तुम्ही झाड तोडत नाही, पण जाळी आणि काँक्रीट तुमचं नाही. म्हणून महापालिकेच्या उद्यान विभागाला आधी पत्र द्या, पोच घ्या, सोबत प्रत्येक झाडाचा फोटो लावा. त्यांचा माणूस सोबत आला तर उत्तमच.

जाळी हॅकसॉ ब्लेडने दोन ठिकाणी कापून दोन भागांत काढायची. सालीच्या आत गेलेली सळई ओढू नका. ओढली की तिच्याबरोबर सालीचा पट्टा निघतो, आणि अन्नरस सालीतूनच खाली जातो. सालीलगत दोन्हीकडून कापा आणि आतला तुकडा आतच राहू द्या, झाड त्याला गिळून टाकतं. बोर्डांचे खिळे वर असतील तर तेही बघा, सैल आहेत तेवढे काढा. काँक्रीट चारही बाजूंनी निदान दीड फूट मोकळं व्हायला हवं. ते पहारीनेच फोडा, ब्रेकर लावू नका, मुळं वरच असतात. उघड्या झालेल्या जागेत माती आणि पाचोळा भरा. जखमेला शेण, रंग, डांबर काही लावायचं नाही.

अक्का, दोन वर्षांखाली आमचे वडील वारले. त्यांची रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा करून त्यात टाकली आणि वर केशर आंब्याचं कलम लावलं. वडिलांना आंबा फार आवडायचा. पाणी कधी चुकवलं नाही. तरी पानं पिवळी पडत गेली आणि यंदा उन्हाळ्यात ते वाळलं. आईने धसका घेतलाय. नातेवाईक नाही नाही ते बोलतात. पुन्हा लावावं का?
– एक शेतकरी, अक्कलकोट तालुका

आईंना आधी हे वाचून दाखवा. आई, यात अशुभ काही नाही आणि तुमच्याकडून काही चुकलेलंही नाही. रक्षा अल्कधर्मी असते, क्षारांनी भरलेली. मुठी-दोन मुठी असती तर माती ती पचवते. पण चितेची सगळी राख एकाच खड्ड्यात, कोवळ्या मुळांच्या बरोब्बर खाली, म्हणजे ती मुळं तिथेच अडली. त्यात तुमची जमीन काळी, चुनखडीची. अशा जमिनीत आंब्याला लोह मिळत नाही. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असंच दिसत होतं ना? कुणाचंही कलम तिथे वाळलं असतं.

पुन्हा लावा, जरूर लावा. जुना खड्डा तसाच राहू द्या. दोन पावसाळे त्यातून गेलेत, आणखी दोन जाऊ द्या, क्षार पसरतील. नवा खड्डा तिथून चार-पाच हात अंतरावर घ्या, दोन फूट लांब, रुंद, खोल. निघालेली वरची माती वेगळी ठेवा आणि तीच शेणखत मिसळून परत भरा. जुन्या जागेतली चिमूटभर माती हवी तर आईंच्या हाताने त्यात घाला. तेवढ्याने झाडाला काही होत नाही आणि वडील तिथे आहेत हे मनाला कळतं.

आंब्याचाच आग्रह असेल तर कलम न लावता गावातल्या जुन्या रायवळ आंब्याची कोय जागेवरच लावा. तिचं सोटमूळ न वळता सरळ खाली जातं. कोय वाळू देऊ नका, आंबा खाल्ला की चार दिवसांच्या आत पुरायची. तीन-चार कोया लावा, जी जोमदार येईल ती ठेवा. फळ यायला सात-आठ वर्षं लागतील, एवढं मनाची तयारी करूनच. आंबाच हवा असं नसेल तर चिंच लावा, तुमच्या काळ्या मातीत ती तीन पिढ्या उभी राहते.

वाळलेलं कलम उपटून बांधावर फेकू नका. त्याची सरळ काठी काढा, टोक चुलीत थोडं भाजून घ्या म्हणजे वाळवी लागायला वेळ लागेल, आणि नव्या रोपाला आधाराला तीच रोवा.